टेपकाकू आणि सत्तावीस इंची चाकं

टेपकाकूंच्या दुकानाला पाटी आहे, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. चौकातून उताराला लागलं की डाव्या हाताला टायरांची चळत दिसते, आतून कॉम्प्रेसरची घरघर येते आणि त्या घरघरीवर चढलेला एका बाईचा आवाज येतो. तो आवाज कानावर पडला की समजायचं, आलं दुकान.

दुकान तसं काकांच्या वडिलांचं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना टायर म्हणजे गाडीखालचं काळं काहीतरी, एवढंच ठाऊक होतं. त्यांचे वडील कपडे शिवायचे. माहेरून येताना त्यांनी आणखी काय काय आणलं असेल ते असो, शिवणकामाची टेप मात्र गळ्यात अडकवून आणली आणि ती आजतागायत गळ्यातच आहे. सुरुवातीला गिऱ्हाइकं हसायची. चाकाचं माप घ्यायला कापडी टेप! पुढं त्याच गिऱ्हाइकांनी त्यांना टेपकाकू म्हणायला सुरुवात केली, आणि आता त्यांचं खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर त्या स्वतःच मागं वळून बघतात, की ही कोण बाई आली बुवा.

काका आहेत. चांगले धडधाकट आहेत. कॉम्प्रेसरशेजारी चाळीस वर्षं बसून एक कान कामातून गेला आहे, आणि काकू नेमक्या त्याच बाजूला उभ्या राहून बोलतात. म्हणूनच संसार टिकला, असं काका म्हणतात. काकूंना हे ठाऊक आहे, तरी त्या बाजू बदलत नाहीत.

या भागात क्वाड फार. क्वाड म्हणजे मोटारसायकलचं हँडल, चार फुगीर चाकं, डोक्यावर छप्पर नाही अशी ती बुटकी गाडी. खाणीवर क्वाड, फळबागांत क्वाड, जंगलखात्याकडे क्वाड. जिथं रस्ता संपतो तिथं हिचं काम सुरू होतं. आणि जिथं क्वाड, तिथं टायरचा घोळ आलाच, कारण हिच्या टायरवरचे आकडे मोटारीच्या टायरसारखे नसतात. भलेभले त्यात गटांगळ्या खातात.

एकदा एका बागेचा मुकादम आला. मिशीला पीळ, खिशाला दोन पेन. म्हणाला, "काकू, मागच्या दोन चाकांना मोठ्यातले मोठे टायर टाका. दात असे पाहिजेत, की बघणाऱ्यानं बघत राहावं."

काकूंनी हातातला पाना खाली ठेवला. "गाडी बघायला ठेवलीये का चालवायला?"

"चालवायलाच की."

"मग आधी सांगा, गाडी जाते कुठून?"

हा काकूंचा ठरलेला प्रश्न. कुणी लाटसाहेब आला तरी त्याला याचं उत्तर दिल्याशिवाय टायरला हात लावता येत नसे. चिखल आहे का? किती दिवस आहे, किती खोल आहे? वाळू आहे का? दगड सुटा आहे की कातळ? सामान किती लादता? मुकादम वैतागला, पण सांगत गेला. बागेत मऊ माती, मध्ये एक ओढा, बाकी फरसबंद वाट.

"हे बघा," काकूंनी त्याला हाताला धरून टायरपाशी नेलं. "पंचवीस, आठ, बारा. पहिला आकडा उंची, उभ्या टायरची. दुसरा रुंदी. तिसरा, तो ज्या रिंगवर बसतो तिची उंची. सगळं इंचात. शर्टाचं कसं, उंची, छाती, गळा. तिन्ही जुळले तर तो तुमचा शर्ट. आता तुम्ही मागं सत्तावीस घालणार आणि पुढं पंचवीसच ठेवणार. तुमची गाडी चारही चाकं ओढणारी. पुढचं चाक एका फेऱ्यात कमी चालतं, मागचं जास्त, आणि दोघांना बांधलंय एकाच दांड्याला. भांडण कुणाचं होणार? गिअरबॉक्सचं! मग तो करकरायला लागला की तुम्ही येणार माझ्या नावानं बोटं मोडत."

मुकादमानं हात टेकले. पंचवीसचेच टायर घेतले. काकूंनी एवढ्यावर त्याला सोडलं नाही. छापलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. दोन कारखान्यांचे पंचवीस शेजारी शेजारी उभे केले तर इंचभर फरक निघतो, हे त्यांनी स्वतः मोजून बघितलंय. म्हणून टायर चढवून, हवा भरून झाली की त्या चाकावर खडूची रेघ मारतात, फरशीवर रेघ मारतात, चाक एक पूर्ण फेरा पुढं लोटतात आणि दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजतात. पुढच्या-मागच्या चाकांचं जमलं तर गाडी बाहेर, नाही जमलं तर टायर परत. तीस वर्षांत काकूंनी चढवलेलं चाक चुकीचं निघालं, असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणायची हिंमतही नव्हती म्हणा.

आणि अशा या बाईनं चूक केली ती स्वतःच्या पोटच्या मुलीच्या बाबतीत.

मुलीला घरात बारकी म्हणतात. ही बारकी आईपेक्षा वीतभर उंच आहे, अठ्ठावीस वर्षांची आहे आणि परिचारिकेचं शिक्षण पुरं करून सरकारी दवाखान्यात लागलेली आहे. एका संध्याकाळी ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आई, मला वरच्या वस्तीची जागा मिळाली."

वरची वस्ती डोंगराच्या पाठीवर. पस्तीस-चाळीस घरं, एक शाळा. दोन वर्षं तिथं कुणी सिस्टर नव्हती. आधीची होती ती वाटेत गाडीसकट घसरली, मनगट मोडून घेतलं आणि परत त्या बाजूला फिरकली नाही. तेव्हापासून वरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी साधं रक्तदाबाचं माप घ्यायचं तरी पाच तास चालून खाली यायचं. आता आरोग्यखात्याच्या साहेबांनी बारकीला महिनाभराची मुदत दिली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी वर जायचं, एकही फेरी चुकता कामा नये. महिना नीट पार पडला तर जागा कायम, नाहीतर जागाच रद्द आणि वस्तीचा दवाखाना कायमचा बंद.

"गाडी दिलीये त्यांनी," बारकी म्हणाली. "पण टायर अगदी गुळगुळीत झालेत. तू घाल ना चांगले."

काकू एरवी बोलायला लागल्या की थांबवावं लागतं. त्या दिवशी त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. ते मनगट त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. जाऊ नको म्हणावं, तर ही ऐकणारी नाही. शिकवली कुणी? आपणच. मग उरतं काय, तर टायर.

दुकानात होते त्यातले सगळ्यात दांडगे त्यांनी काढले. सत्तावीस इंची, बोटभर खोल दातांचे, दगडानंही फाटणार नाहीत इतक्या जाड कडांचे. निदान चारही एकाच मापाचे घातले, तेवढं भान शाबूत होतं. ते मडगार्डला घासायला लागले तेव्हा काकूंनी चक्क करवत घेतली आणि मडगार्ड कापलं! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला दुकानाच्या पायरीवर उभं करून अर्धा तास सुनावलं असतं. हवा भरली दहा पौंड, दणदणीत. काका लांबून बघत होते. काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण काकूंचा चेहरा बघून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

आणि मुख्य म्हणजे गाडी जाते कुठून, हे काकूंनी विचारलंच नाही. मुकादमाला विचारलं, खाणवाल्याला विचारलं, जंगलखात्याच्या साहेबाला तर दोनदा विचारलं. पोरीला नाही. त्या वाटेचं वर्णन कानावर पडायला नको होतं त्यांना, दुसरं काही नाही.

मंगळवारी बारकी गेली. दुपारी चारला यायची ती साडेसहाला आली. कोपर सोललेलं, पँट गुडघ्याला फाटलेली, औषधांच्या पेटीतल्या निम्म्या बाटल्या फुटलेल्या. वर पोचली होती, फेरी चुकवली नव्हती, पण येताना कातळावर गाडी आडवी सरकली होती. दरीच्या बाजूला.

"काय झालं? कशानं झालं?" काकू ओरडल्या.

"तुझ्या टायरनं झालं!" बारकीही कुणाची मुलगी? तिनंही आवाज चढवला. "गाडी उंटासारखी उंच केलीस. वळणावर कलंडते. चढावर दम खाते. कातळावर ते दात नुसते टोकांवर उभे राहतात, पकडच नाही."

"सगळ्यात भारी टायर घातलेत मी तुला!"

"मी भारी मागितले होते? जगाला विचारत बसतेस, गाडी जाते कुठून, गाडी जाते कुठून. मला एकदा तरी विचारलंस?"

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या पान्यांचा डबा आवरायला लागल्या, जो सकाळीच आवरलेला होता.

तेव्हा काका बोलले. महिन्यातून एकदा बोलतात, पण मोजकं बोलतात. "तू टायर निवडले नाहीस," ते म्हणाले. "घाबरलीस आणि हाताला आले ते मोठे उचललेस."

काकूंनी वळून त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. काका बसून राहिले. मग काकू खाली बसल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि बारकीला म्हणाल्या, "शुक्रवारी मी येते मागं बसून."

गेल्या. छप्पन्न वर्षांची बाई, गळ्यात टेप, दोन्ही हातांनी पोरीच्या कमरेला मिठी. चिखल निघाला कुठं, तर पायथ्याशी, दगड मारावा एवढ्या अंतरात. पुढं सगळी सुटी खडी. मग ती कातळाची पाठ लागली, उघडी, गुळगुळीत, दरीकडे झुकलेली, सलग पाव मैल. काकूंनी तिथं गाडी थांबवायला लावली. उतरून गुडघ्यावर बसल्या. कातळावर टायरची खूण बघितली. नुसते ठिपके उमटले होते. दहा पौंड हवेनं ताठलेला टायर खडकाला कुठं टेकतच नव्हता. त्यांनी दातांवरून बोट फिरवलं आणि स्वतःलाच एक शिवी हासडली, ती इथं लिहिण्यासारखी नाही.

"उतरताना इथं मी चालत येईन," त्या म्हणाल्या. "गाडी तू हळूहळू आण. मी पुढून सांगते."

वर शाळेच्या ओसरीवर लोक वाट बघत होते. एक म्हातारी शर्टाची बाही आधीच वर करून बसली होती. "सिस्टर येणार म्हणून सकाळपासून अशीच बसलीये," शाळेच्या बाई हसत म्हणाल्या. बारकीनं पेटी उघडली आणि कामाला लागली. ही कोण वेगळीच मुलगी, असं काकूंना वाटलं. घरी चहाचा कप जागेवर ठेवत नाही आणि इथं एकेका गोळीचा हिशेब समजावून सांगतेय, तोही एका बहिऱ्या आजोबांना तीनदा, न चिडता. काकू कोपऱ्यात बसून बघत राहिल्या. अभिमान वाटला, आणि त्या अभिमानानं भीती कमी झाली नाही, उलट थोडी वाढलीच.

शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद. सत्तावीस उतरले, पंचवीस आले. पुढं आठ रुंद, मागं दहा. दात आखूड आणि जवळजवळ, कडा मऊ. खडकावर रबर पसरलं पाहिजे, तळहात टेकवावा तसं. खडूच्या रेघा मारल्या, चारही चाकं लोटून मोजली, एक परत काढलं आणि दुसरं घातलं. कापलेल्या मडगार्डला पत्र्याचं ठिगळ मारून रिव्हेट ठोकले. ते ठिगळ दिसायला भयंकर दिसतं, पण काकू म्हणाल्या असू दे, माझ्या अकलेची आठवण राहील. हवा भरली पाच पौंड, लहान आकड्यांच्या वेगळ्या मीटरवर बघून.

"एकटी असशील तेव्हा पाच," त्यांनी बजावलं. "मागं कुणी बसलं तर मागच्या चाकांत आणखी दोन पौंड. पायपंप डिकीत ठेवलाय. विसरायचं नाही. नाहीतर टायर चेपतो आणि दगड थेट रिंगवर बसतो."

"हो."

"परत सांग."

"पाच. मागं कुणी बसलं तर सात. आई, मी सिस्टर आहे, इंजेक्शनचं माप चुकत नाही माझं."

पुढच्या फेऱ्या बिनबोभाट झाल्या. बारकी वेळेवर जायची, वेळेवर यायची. काकूंचा आवाज पूर्ववत झाला, एका खाणवाल्याला त्यांनी टायरवरचे फिरण्याच्या दिशेचे बाण उलटे करून टायर चढवल्याबद्दल सगळ्या गल्लीसमोर धारेवर धरलं.

महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी दोनला फोन आला. बारकीचा, वरून. शाळेच्या बाईंच्या पोटात सकाळपासून कळा आहेत, उजव्या बाजूला, ताप आहे, अपेंडिक्स दिसतंय. खाली रुग्णवाहिका पायथ्याशी बोलावलीय, मी त्यांना घेऊन निघतेय. एवढं बोलून फोन बंद.

त्या वाटेनं उतरायला चाळीस मिनिटं लागतात. काकूंनी घड्याळ बघितलं आणि एका ट्रॅक्टरचं चाक खोलायला घेतलं. पावणेतीन झाले. फोन नाही. त्यांनी चाक खोललं, बंद केलं. तीन झाले. काका म्हणाले, "फोन कर." काकू म्हणाल्या, "हँडल धरेल का फोन धरेल ती?" सव्वातीनला त्यांनी चाक परत खोललं. चाकाचा मालक शेजारीच उभा होता, त्यानं काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी फोन आला. पोचलो. बाई रुग्णवाहिकेत. संध्याकाळी ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत.

शनिवारी सकाळी बारकी गाडी घेऊन दुकानात आली. डोळे सुजलेले, पण चालीत ऐट. काकूंनी चहाही विचारला नाही. मीटर घेतलं आणि सरळ मागच्या चाकाशी बसल्या. पाच पौंड. दुसरं चाक. पाच. रिंगवरून बोट फिरवलं, तर कडेला हा एवढा पोचा.

"बाई मागं बसल्या होत्या?"

"हो."

"मग सात का नाही केले?"

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. वादळ येणार, हे बहिऱ्या कानालाही कळलं.

"केले होते," बारकी म्हणाली. "सात करून निघाले. वस्तीखालच्या पहिल्याच खडीवर गाडी उडायला लागली आणि बाई किंचाळल्या. अपेंडिक्सचं दुखणं प्रत्येक हिसक्याला वाढतं, आई. मी थांबले आणि हवा परत पाचवर आणली. टायर चेपत होता, मला कळत होतं. म्हणून पहिला गिअर सोडला नाही, मोठे दगड चुकवत आले. रिंगला दोनदा बसलं. वेळ दुप्पट लागला. पण कातळावर बाईंना एकही हिसका बसला नाही."

काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि तो पोचा मोजला. त्यांचा आकडा सात होता. सातच बरोबर होता, पुस्तकात बघा, कुठल्याही टायरवाल्याला विचारा. आणि कातळावर, पोटात कळा येणारं माणूस मागं बसलेलं असताना, पाच बरोबर होता. हे दुकानात बसून त्यांना कधी सुचलं नसतं.

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या.

टायरच्या बाबतीत हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. काकांनी तर हात कानामागं नेला.

काकूंनी चाक उतरवलं, टायर काढला, रिंग ऐरणीवर धरून हातोडी घेतली. तेवढ्यात दारात आरोग्यखात्याची मोटार थांबली आणि साहेब उतरले. बारकीचं तोंडभरून कौतुक करून झालं. मग म्हणाले, "महिना पुरा झाला, वरची जागा कायम. पण खालच्या दवाखान्यातही आज एक जागा रिकामी झालीये. घरापासून दहा मिनिटांवर. वर दुसरं कुणी पाठवता येतं का बघू." आणि ते बारकीकडे नाही, काकूंकडे बघायला लागले. वाट कशी आहे ते त्यांनाही ठाऊक होतं, आणि आईचा जीव कसा असतो तेही.

दहा मिनिटांवर! हो म्हणायला काकूंनी तोंड उघडलंच होतं. महिन्याभरापूर्वी त्यांनी या एका वाक्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं.

"माझ्याकडे काय बघता साहेब?" त्या म्हणाल्या. "मला टायर कळतात. वाट तिला कळते. तिला विचारा."

साहेब बारकीकडे वळले. बारकीनं त्यांना उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघितलं. काकू रिंग फिरवून बघत होत्या, मान खाली घालून.

"आई," बारकी म्हणाली, "मंगळवारी वर जायचंय. गाडी कधी देतेस?"

"सोमवारी संध्याकाळी ये," काकू म्हणाल्या. "चारही चाकं उतरवून बघते."